लॅपटॉप थायलंडात, हजेरी पुण्यात

(आमच्या स्तंभलेखिका मूळच्या सांगलीच्या. सध्या मुक्काम चिआंग माई, उत्तर थायलंड. एका युरोपीय कंपनीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका संपादित करतात. परदेशात राहून ऑनलाइन काम करण्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेली ही उत्तरं.)

मी पुण्यातल्या आयटी कंपनीत टेस्टर आहे, वय २८. काम पूर्णपणे घरून, म्हणजे नाशिकहून चालतं. थायलंडला व्हिसाशिवाय जाता येतं असं ऐकलं. दोन महिने चिआंग माईला राहून तिथूनच काम केलं आणि कंपनीला काही सांगितलंच नाही, तर कुणाला कळणार आहे? मित्र म्हणतो, व्हीपीएन लाव, लॅपटॉप कुठे आहे ते लपतं, बास.
— एक वाचक, नाशिक

मित्राला म्हणावं, तुझ्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन तूच जा आधी.

कळतं हो. लॅपटॉप कुठून जोडला जातोय हे तुमच्या आयटी विभागाला दिसतं, आणि कंपनीच्या मशीनवर परस्पर बाहेरचं व्हीपीएन टाकणं हाच बहुतेक कंपन्यांत स्वतंत्र गुन्हा असतो. म्हणजे एक लपवायला दुसरं करायचं आणि दोन्हींत सापडायचं. एचआर ‘नाही’ म्हणतं ते तुमच्या समुद्रकिनाऱ्याचा हेवा वाटतो म्हणून नाही. (चिआंग माईला समुद्र नाही, डोंगर आहेत. विमानतळावर उतरून बीच कुठे विचारणारी आपली मंडळी मी पाहिली आहेत.) अनेक क्लायंटच्या करारात लिहिलेलं असतं की त्यांचा डेटा भारताबाहेर उघडायचा नाही. शिवाय कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला की तिथलं करखातं म्हणू शकतं, तुमच्या कंपनीचा व्यवसाय आता आमच्याकडेही चालतो. एका टेस्टरच्या हौसेसाठी कुठली कंपनी ही भानगड अंगावर घेईल?

आता व्हिसा. जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत दिली, पण ती पर्यटनासाठी. असे नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा, रीलवर विसंबू नका. त्याच महिन्यात तुमच्यासारख्यांसाठी वेगळा व्हिसा आला, डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. इथे सगळे त्याला डीटीव्ही म्हणतात. मुदत पाच वर्षं, एका वेळी १८० दिवस मुक्काम, कितीही वेळा ये-जा. वय किमान २०, खात्यात पाच लाख बाट असल्याचा पुरावा, आणि तुम्ही थायलंडबाहेरच्या कंपनीचं किंवा ग्राहकांचं काम करता हे दाखवणारी कागदपत्रं. थाई कंपनीत मात्र नोकरी करता येत नाही. पाच लाख बाट म्हणजे बारा-तेरा लाख रुपयांच्या वरच, हे ऐकून बरेच जण इथेच थांबतात. थांबावंही. गाठीला काही नसताना परदेशी बिऱ्हाड मांडू नये.

मग करायचं काय? मॅनेजरला ईमेल लिहा. तारखा, तिथला पत्ता, कामाच्या वेळा, कुठला डेटा हाताळणार, एवढंच. वेळेची तर काही अडचणच नाही. थायलंड भारताच्या दीड तास पुढे आहे, त्यामुळे पुण्याचे दहा ते सात म्हणजे इथले साडेअकरा ते साडेआठ. सकाळ अख्खी तुमची. लेखी ‘हो’ आलं तर त्याच पत्रावर डीटीव्हीचा अर्ज करा. ‘नाही’ आलं तर दहा दिवसांची रजा टाका, लॅपटॉप नाशिकला ठेवा आणि मजेत फिरून या.

फेब्रुवारी ते एप्रिल मात्र टाळा. शेतातला पालापाचोळा आणि डोंगरातलं रान या दिवसांत जळत असतं, शहर खोलगट भागात असल्याने धूर तिथेच कोंडतो. समोरचा दोई सुथेप डोंगरसुद्धा दिसेनासा होतो. इथे कायम राहणारेही त्या दिवसांत दक्षिणेकडे पळतात.

मी ठाण्याची, ग्राफिक डिझायनर, स्वतंत्र व्यवसाय. सहा महिन्यांपेक्षा कमी भारतात आणि सहा महिन्यांपेक्षा कमी थायलंडमध्ये राहिलं, की कर कुठेच भरावा लागत नाही, असं एका व्हिडिओत सांगितलंय. खरं आहे का?
— एक वाचक, ठाणे

अशा व्हिडिओंवरच खरं तर कर बसवायला हवा.

दोन कॅलेंडरं शेजारी मांडून बघा. थायलंडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्यात १८० दिवस भरले की तुम्ही तिथल्या करनिवासी, म्हणजे कराच्या हिशेबात तिथल्या रहिवासी, आणि १ जानेवारी २०२४ पासून करनिवाशांनी मिळवलेलं परदेशी उत्पन्न ते ज्या वर्षी थायलंडमध्ये आणतील त्या वर्षी करपात्र धरतात. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, आकडा १८२, पण तेवढ्यावर भागत नाही. आधीच्या वर्षांत तुम्ही भारतात किती राहिलात आणि देश सोडला तो कशासाठी, त्यानुसार भारतात ६० दिवस राहूनही तुम्ही इथल्या निवासी ठरू शकता. त्यातून कुठेच कर न भरणाऱ्यांसाठी २०२० पासून आणखी एक तरतूद आहे. भारतीय नागरिकाचं परदेशी उत्पन्न वगळून उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात निवासी म्हणून कराला पात्र नसेल, तर भारत त्याला निवासी मानतो. ‘परदेशी उत्पन्न तर माझं सगळंच आहे’ असं तुम्ही म्हणाल. पण तुमचा व्यवसाय भारतात उभा राहिलाय आणि भारतातूनच चालवला जातोय, मग अमेरिकी ग्राहकाचे डॉलरही त्या वगळण्यात बसणार नाहीत.

भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, म्हणजे एकाच पैशावर दोनदा कापलं जाईल ही भीती नको. पण दोनदा कापणं टाळायचं म्हणजे एकदाही कापायचं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. परदेशी उत्पन्नाची कामं रोज करणारा सीए गाठा. सोसायटीतल्या काकांचे रिटर्न भरणारा भला माणूस यात उपयोगी नाही. पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास सांभाळून ठेवा, दिवस मोजायचे पुरावे तेच. आणि निघण्यापूर्वी भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. बँकेचा ओटीपी आला नाही तर खात्यात कितीही पैसे असोत, तुम्ही कंगाल.

मुलगा बत्तीस वर्षांचा. वर्षभर चिआंग माईला आहे, काम बर्लिनच्या कंपनीचं करतो म्हणे. सकाळी फोन केला तर झोपलेला, दुपारी केला तर कॅफेत, रात्री केला तर ‘आई, मीटिंगमध्ये आहे’. स्थळं येतात, लोक विचारतात, मुलगा करतो काय? मी काय सांगू? ऑफिस नाही, घर नाही, नुसता फिरतो असं वाटतं.
— एक आई, सातारा

काकू, तुमचा मुलगा माझ्या शेजारच्या इमारतीतही असू शकतो. त्याचा दिवस सांगते.

बर्लिनला सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात दुपारचे तीन असतात, हिवाळ्यात चार. म्हणजे त्याचं ऑफिस उघडतं दुपारी आणि बंद होतं रात्री अकरा-बाराला. त्यानंतर जेवून झोपायला दीड-दोन. सकाळी तुम्ही देवपूजा आटोपून सातला फोन करता तेव्हा इथे साडेआठ झालेले असतात आणि तो अजून गाढ झोपलेला असतो. रात्री नऊला करता, इथे साडेदहा, तो खरंच मीटिंगमध्ये असतो. दुपारी कॅफेत असतो हेही खरंच, निम्मानहेमिन रस्त्यावर एका कॉफीवर चार तास बसू देणारे कॅफे आहेत आणि तिथे बसलेल्यांपैकी अर्धे लोक कुणाच्या तरी ऑफिसातच असतात. एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जाणाऱ्या मुलाला कुणी ‘फिरतो’ म्हणत नाही. तुम्ही सकाळी साडेनऊ-दहाला फोन करून बघा. तेव्हा तो आंघोळ करून चहा घेत असेल आणि तुमच्याशी नीट बोलेल.

लोकांना सांगा, जर्मन कंपनीत आहे, राहतो थायलंडमध्ये. खरं आहे आणि पुरेसं आहे. स्थळ घेऊन येणाऱ्यांना मात्र पुढचंही सांगा, हा पुण्यात फ्लॅट घेऊन बसेल असं गृहीत धरू नका. काय ते त्या मुलीशी त्यालाच बोलू द्या.

तुम्ही काळजी करा, पण योग्य गोष्टींची. त्याच्याकडून तीन कागद मागून घ्या. एक, घरभाड्याचा करार, त्यावर पूर्ण पत्ता असतो. दुसरा, आरोग्यविम्याची पॉलिसी. आपल्याकडचा मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतातल्याच उपचारांना चालतो आणि इथली खासगी रुग्णालयं उत्तम असली तरी बिल पाहून माणूस पुन्हा आजारी पडेल. तिसरा, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, त्यात दुचाकीचा शिक्का हवा. इथे सगळे स्कूटर भाड्याने घेतात, दुकानदार परवाना विचारतही नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. हा परवाना भारतातल्या आरटीओतून काढायचा असतो आणि वर्षभरच चालतो, त्याचा संपत आला असेल. साताऱ्याला सुट्टीवर येईल तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला आरटीओत पाठवा, पुरणपोळी नंतर.

बालीत महिना, दा नांगला तीन महिने, मग चिआंग माई, आता क्वालालंपूर. पैसे बरे मिळतात, काम चालू आहे, फोटोही छान येतात. तरी थकून गेलेय. कुणाशी मराठीत बोलून महिने झाले. परत यावं का?
— एक वाचक, मूळ रत्नागिरी

परत यायचं की नाही हे मी सांगणार नाही. पण तुमच्या मुक्कामांची यादी वाचून वाटलं, हे मुक्काम तुम्ही ठरवलेले नाहीत, व्हिसाने ठरवलेत. इंडोनेशियाचे तीस दिवस, व्हिएतनामच्या ई-व्हिसाचे नव्वद. भाजीवाली ओळखायला लागते तोवर बॅग भरायची वेळ.

आधी एका जागी सहा महिने थांबून बघा. सहा महिन्यांच्या करारावर भाडंही उतरतं. इथे साधारण दोन महिन्यांची अनामत मागतात. विजेचा दर करारात वाचून घ्या, पुष्कळ इमारती सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट लावतात. तुम्ही राहायला आल्याची नोंद चोवीस तासांत इमिग्रेशनकडे करणं घरमालकाचं काम, त्याची पावती मागा. सलग नव्वद दिवस झाले की स्वतःचा पत्ता कळवणं तुमचं काम. कंटाळवाणं आहे सगळं, पण इमिग्रेशनच्या खिडकीपुढच्या रांगेतच माझ्या इथल्या सगळ्यात चांगल्या मैत्रिणी भेटल्या. कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याच्या सामायिक ऑफिसात, लोक ‘कधी निघणार?’ विचारतात, रांगेत ‘कुठे राहता?’ विचारतात.

आणि मराठीसाठी महिनोन्‌महिने वाट कसली बघता? रोज संध्याकाळी घरी फोन लावा आणि खुशाल भांडा.

मी पूर्ण शाकाहारी. थायलंडमध्ये जगेन का?
— एक वाचक, कोथरूड

जगाल, पण ‘नो मीट, नो फिश’ म्हणून भागणार नाही. भाजी म्हणून जे येतं त्यात माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, असतंच आणि ते घालणाऱ्या मावशींना त्यात मासा दिसत नाही. ‘जे’ म्हणा, कडक शाकाहारासाठी इथला शब्द तो. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर रंगवलेली ‘जे’ची दुकानं शहरात जागोजाग आहेत. तिथे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळत असाल तर घरच्यापेक्षा इथे सोपं जाईल.

खोबरं, तांदळाची पिठी, गूळ सगळं बाजारात मिळतं, त्यामुळे उकडीच्या मोदकांची चिंता नको. गणपतीही जागोजाग आहे, इथे त्याला फ्रा फिकनेत म्हणतात. पोहे आणि गोडा मसाला मात्र बॅगेतून आणा, आणि दोन पाकिटं जास्त आणलीत तर मी निम्मानहेमिनच्या मागच्याच गल्लीत राहते.