वाचकांचे प्रश्न : क्रुगरमधली संध्याकाळची सफारी

प्रश्न : जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याच्या गाडीने फिरणार आहोत. अंधार पडेपर्यंत आम्हीच जंगलात थांबलो, तर संध्याकाळच्या सफारीचे वेगळे पैसे कशाला भरायचे?

उत्तर : तसं थांबताच येत नाही. जून-जुलैत उद्यानाची फाटकं संध्याकाळी 5.30 वाजता बंद होतात, आतल्या मुक्कामाच्या कॅम्पचीही. उशिरा आलात तर दंड. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 किमीची मर्यादा आहे, पण थांबत-थांबत जाताना सरासरी 25च धरा. कॅम्प 50 किमी लांब असेल तर साडेतीनलाच माघारी वळायला हवं. त्या दिवसांत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे खरी मजा सुरू होते तेव्हा तुम्ही कॅम्पात. अंधारात फिरायची मुभा फक्त उद्यानाच्या आणि आतल्या परवानाधारक लॉजच्या गाड्यांना. कॅम्पवरून निघणारी, साधारण तीन तासांची सनसेट ड्राइव्ह आधीच आरक्षित करा. तिच्यात 6 वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत.

प्रश्न : स्पॉटलाइटमधला बिबट्या फोटोत एक तर पांढराफटक येतो, नाहीतर हललेला. कॅमेरा तर चांगला आहे.

उत्तर : कॅमेरा नेहमीप्रमाणेच वागतोय. चौकटीचा बहुतेक भाग काळा असल्यामुळे तो प्रकाश वाढवतो आणि उजेडातला प्राणी जळून जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा याची सेटिंग) उणे 1 ते उणे 2 ठेवा, किंवा स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका बिंदूवरून उजेड मोजणं, थेट प्राण्यावर करा. लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200, शटर 1/125 सेकंद इथून सुरुवात करा. कमी पडलं तर आयएसओ 6400. चालत्या बिबट्याचे पाय 1/125 ला पुसट येणारच, तो क्षणभर थबकतो तेव्हा बटण दाबा.

चालकाला इंजिन बंद करायला सांगा. मागच्या सीटवरचा माणूस उठला तरी गाडी डुलते, त्यामुळे ट्रायपॉड इथे निरुपयोगी. गाडीच्या दांडीवर बीनबॅग (दाणे भरलेली छोटी उशी) ठेवून लेन्स टेकवा. फ्लॅश बंद, फोकससाठी लागणारा छोटा दिवाही बंद. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, दिव्याचा पिवळेपणा नंतर घालवता येतो. शेजारच्या गाडीचा दिवा बाजूने पडत असेल तर ती संधी सोडू नका, समोरच्या उजेडात प्राणी चपटा दिसतो.

प्रश्न : चालकाला झुडपातले डोळे चटकन दिसतात, आम्हाला काहीच नाही. आणि हत्ती आले की तो दिवा दुसरीकडे का फिरवतो?

उत्तर : बऱ्याच प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. तो प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतो, म्हणून चमक दिसते ती दिव्याच्या रेषेत बघणाऱ्याला. उद्यानाच्या गाड्यांत दिवा बऱ्याचदा प्रवाशांच्याच हाती देतात. लाजू नका, मागून घ्या आणि डोळ्यांच्या उंचीवर धरा. झाडात उड्या मारणारे लालसर ठिपके बुशबेबी या छोट्या निशाचर प्राण्याचे. एका उंचीवर चमकणाऱ्या पुष्कळ जोड्या दिसल्या, तर बहुधा इम्पाला हरणांचा कळप.

इम्पालांवर झोत रोखला की ते काही काळ आंधळे होतात आणि जवळपासच्या शिकाऱ्याचं आयतंच फावतं. झोताने हत्ती बिथरला तर गाडीवरच येतो. सिंह शिकारीला लागले असतील तर चांगला चालक दिवा विझवूनच थांबतो. तेव्हा कुरकुर करू नये.

प्रश्न : कपडे काय घ्यावेत?

उत्तर : जुलैत रात्री तापमान 10 अंशांपर्यंत उतरतं आणि उघड्या गाडीत वारा अंगावर येतो. विंडचीटर, कानटोपी, हातमोजे घ्या. धुळीमुळे काँटॅक्ट लेन्सपेक्षा चष्मा बरा. पाठदुखी असेल तर शेवटची रांग टाळा, हादरे तिथेच जास्त बसतात.