विहिरीची पाळी आणि लवाद

चि. पोरा,

पत्र मिळालं. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाने विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर काढून नेला, याचं मला नवल वाटलं नाही. वरुडच्या संत्रापट्ट्यात एप्रिल लागला की सख्खे भाऊ सामायिक विहिरीवर बोलेनासे होतात. कोर्टात जातो म्हणतोस. पण तारखा पडत राहतील आणि तुझा आंबिया बहार, म्हणजे झाडावरची संत्री, झाडाखाली गळून पडेल.

आमच्या धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात पाच पंच बसले. चहा झाला, निकाल झाला, दोघंही हो म्हणालो. पुढच्या पेरणीला समोरच्याने पेरणीच्या तीन ओळी माझ्या वावरात घातल्या. माझ्याकडे कागदाचा कपटा नव्हता. (शिक्षक असून!)

म्हणून सांगतो, पंच बसवणं वेगळं आणि लवाद, म्हणजे दोघांनी लेखी कबूल करून निवाड्यासाठी नेमलेला माणूस, वेगळा. 1996 च्या लवाद व समेट कायद्याप्रमाणे वाद लवादाकडे सोपवायचा करार लेखी हवा. मग त्याचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. पण सही करण्याआधी हे नीट समज: निवाडा पटला नाही म्हणून अपील नाही. तीन महिन्यांत कोर्टात अर्ज करता येतो, तोही म्हणणं मांडू दिलं नाही अशा मोजक्याच कारणांवर. पाळी चुकीची लावली, ही तक्रार तिथे चालत नाही.

तेव्हा माणूस पारखून घे. सरपंच नको, त्याला मतं मोजायची असतात. दोन तुझे, दोन त्याचे असंही नको. कायदा विषम संख्या सांगतो, आणि एका विहिरीला एक माणूस पुरे. दुसऱ्या गावचा, स्वतः बाग राखलेला, रात्रीच्या लाइटीवर पाणी दिलेला कास्तकार मला चालेल.

करारात पाळी, वीजबिल आणि मोटारदुरुस्ती एवढंच लिहा. जमिनीची वाटणी त्यात घुसडू नका, ती आली की वाटणीचा स्टॅम्प आणि नोंदणी मागे लागते.

त्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे एक अर्ज मात्र करून पाहा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसतं. पण ती दोघांना मान्य असेल तरच होते, आणि तुझा भाऊ तिथवर येईल का, हे तूच जाणतोस.

रविवारी ये. सातबारा आण; इतर हक्काच्या रकान्यात विहिरीचा हिस्सा काय लिहिलाय ते पाहू. स्टार्टर परत मागायला एकटा जाऊ नकोस.

तुझे,
गुरुजी