वाचकांचे प्रश्न : पासष्ट अश्वशक्तीच्या विमानाचा चढ

प्रश्न : पायपर जे-३ कब या जुन्या दोन आसनी विमानाच्या माहितीत ६५ अश्वशक्तीचे इंजिन आणि मिनिटाला ४५० फूट चढण्याचा वेग असे आकडे आढळतात. एकटा वैमानिक असला की हेच विमान झपाट्याने वर जाते आणि दुसरा माणूस बसला की रेंगाळते, असे वाचले. एका माणसाच्या वजनाने इतका फरक का पडावा?

उत्तर : कारण विमान इंजिनाच्या सगळ्या शक्तीवर चढत नाही. सरळ पातळीत उडण्याचा खर्च भागल्यावर जी शक्ती शिल्लक राहते, तेवढ्याच शक्तीवर ते चढते, आणि कबसारख्या विमानात ही शिल्लक फार तुटपुंजी असते. ती किती, हे आपल्याला काढता येते. पूर्ण भरलेल्या कबचे वजन १२२० पौंड, म्हणजे सुमारे ५५३ किलो असते. एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याची क्षमता. त्या हिशेबाने १२२० पौंड मिनिटाला ४५० फूट वर न्यायला साधारण साडेसोळा अश्वशक्ती पुरते. म्हणजे ६५ पैकी जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष चढण्याच्या कामी येतो.

उरलेली शक्ती कुठे जाते? चढताना प्रोपेलरची कार्यक्षमता ६५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर इंजिनाच्या ६५ पैकी सुमारे ४२ अश्वशक्तीच विमानाला पुढे ढकलते. तिच्यातली पंचवीस-सव्वीस अश्वशक्ती हवेचा रोध सोसून विमान पातळीत ठेवण्यात खर्ची पडते. हा खर्च वजनाच्या दीडाव्या घाताने वाढतो, कारण कमी वेगात रोधाचा मोठा भाग पंखांनी वजन पेलण्यातूनच निर्माण होतो. विमानातून १७० पौंडांचा एक माणूस उतरला की पंचवीस-सव्वीसचा हा खर्च विसाच्या जवळ येतो, शिल्लक साडेसोळावरून बाविसाच्या घरात जाते आणि ही वाढलेली शिल्लक आता कमी वजन उचलते. दोन्ही फायदे एकत्र आल्याने चढ मिनिटाला ६५० फुटांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो. हिशेब ढोबळ आहे, पण आपण वाचलेल्या अनुभवाशी तो जुळतो.

जुन्या विमानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. दशकानुदशकांच्या दुरुस्त्यांत, कापडाच्या नव्या आवरणात, रंगाच्या थरांत आणि मागाहून बसवलेल्या बॅटरी व रेडिओत या विमानांचे रिकामे वजन वाढत जाते, आणि माहितीपत्रकातला आकडा मात्र नव्या विमानाचाच राहतो. आपल्या विमानाची क्षमता जाणून घ्यायची असेल, तर ते आधी काट्यावर चढवावे.

प्रश्न : उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या क्लबचे ६५ अश्वशक्तीचे विमान अगदी निर्जीव वाटते. इंजिनाची तपासणी केली, दोष सापडला नाही. मग दोष प्रोपेलरचा की हवेचा?

उत्तर : दोन्ही तपासावेत, पण सुरुवात हवेपासून करावी. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान मानले जाते आणि दर हजार फुटांना ते सुमारे दोन अंशांनी उतरते. धावपट्टी ३००० फुटांवर असेल आणि पारा ३५ अंशांवर असेल, तर हवा प्रमाणापेक्षा २६ अंशांनी गरम आहे. प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट जादा उंची धरली, तर विमानाच्या दृष्टीने ते ६००० फुटांच्याही वर उभे आहे. त्या विरळ हवेत इंजिनाची शक्ती अठरा-एकोणीस टक्क्यांनी घटते आणि पातळीत उडण्यासाठी लागणारी शक्ती मात्र वाढते, त्यामुळे शिलकीला दोन्हीकडून कात्री लागते. कबची सेवा-कमाल उंची, म्हणजे जिथे चढ मिनिटाला १०० फुटांवर येतो ती उंची, ११,५०० फूट दिली जाते. त्यावरून पाहिल्यास ६००० फुटांच्या हवेत उत्तम स्थितीतल्या विमानालाही मिनिटाला पावणेतीनशे फुटांपेक्षा अधिक चढ मिळू नये. दुपारच्या उन्हात मिनिटाला तीनशे फुटांनी खाली येणारे हवेचे प्रवाह काही दुर्मीळ नसतात.

आता प्रोपेलर. या विमानांच्या पात्यांचा कोन उडताना बदलता येत नाही. कबमध्ये असणाऱ्या काँटिनेंटल ए-६५ इंजिनाची ६५ अश्वशक्ती मिनिटाला २३०० फेऱ्यांना मोजलेली आहे. लांबच्या प्रवासासाठी अधिक कोनाचा प्रोपेलर बसवला असेल आणि चढताना इंजिन २१०० फेऱ्यांवरच अडत असेल, तर इंजिनात काहीही बिघाड नसताना सुमारे सहा अश्वशक्ती कमी मिळते. प्रोपेलरची कार्यक्षमता लक्षात घेऊन विमानाला पुढे ढकलणारी शक्ती चारच अश्वशक्तीने घटली असे धरले, तरी चढ मिनिटाला शंभर फुटांनी घटतो. विमान जागेवर रोखून पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाला पूर्ण शक्ती दिल्यावर, किती फेरे मिळतात ते पाहावे आणि विमानाच्या प्रमाणपत्रात दिलेल्या मर्यादेशी ताडून घ्यावे. इंजिनाचे फेरे दाखवणारे घड्याळ जुने असेल, तर आधी त्याचीच खातरजमा करावी, कारण त्याचे शंभर फेऱ्यांचे खोटे बोलणे या साऱ्या तपासणीवर पाणी फिरवते.

प्रश्न : समोर झाडे असताना नाक अधिक वर उचलावे, की वळून जागा मिळवावी?

उत्तर : नाक अधिक उचलल्याने चढ वाढत नाही. कबला सर्वोत्तम चढ ताशी ५५ मैलांच्या आसपास मिळतो. वेग त्याहून खाली गेला की रोध वाढतो, शिल्लक आटते आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, जवळ येतो. वळणातही हीच शिल्लक खर्च होते. वरच्याच हिशेबाने विमान एका बाजूला १५ अंश कलवून वळले तर ४५० पैकी सुमारे ४० फूट जातात, ३० अंशांत चढ तीनशेच्या खाली येतो आणि ४५ अंशांत पूर्ण थ्रॉटल देऊनही तो शून्यावर पोहोचतो. म्हणून वळायचेच असेल, तर वेग राखून १५ अंशांच्या आत वळावे. त्यात अडथळा टळत नाही असे गणित सांगत असेल, तर वजन उतरवून किंवा सकाळच्या गार हवेची वाट पाहून मगच उड्डाण करावे.