बंध 'फिरता' की 'फिरवता येणारा'?

प्रश्न असा आहे: प्रथिनांची रचना पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सूचना एक विद्यार्थिनी मराठीत आणते आहे. 'रोटेटेबल बाँड'ला तिने 'फिरता बंध' लिहिलं. तिच्या सरांनी ते खोडून 'घूर्णनक्षम बंध' केलं. वर तिची स्वतःची एक शंका आहे. बंध मुळात फिरतो कुठे? फिरतात ते त्याच्या पलीकडचे अणू. मग 'बंध फिरवा' हे म्हणणंच चूक नाही का?

शंका रास्त आहे. दोन कार्बन अणूंमधला एकेरी बंध ही फक्त आस असते. ती जागची हलत नाही. आपण माउस ओढतो तेव्हा त्या आसेच्या एका बाजूचा सगळा भाग गोल फिरतो आणि दुसरी बाजू स्थिर राहते. तरीही 'बंध फिरवा' मला चुकीचं वाटत नाही. 'मान वळव' म्हटल्यावर वळतो तो चेहरा, मान खांद्यांवर आहे तिथेच असते. 'चेहरा मानेभोवती फिरव' असं कोणी म्हणत नाही. सांध्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्या पुढच्या भागाची हालचाल सांगायची, हे मराठीला सवयीचं आहे. तेव्हा मेनूत, बटणावर, सूचनेत खुशाल 'बंध फिरवा' लिहावं. जिथे तत्त्व समजावायचं आहे तिथे मात्र 'बंधाला आस धरून पुढचा भाग फिरतो' असं एकदा पूर्ण वाक्य लिहून टाकावं, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

आता 'फिरता'. हा शब्द दिसायला सुटसुटीत आहे, पण मराठीत त्याचं काम ठरून गेलेलं आहे. फिरता चषक, फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, फिरता रंगमंच. '-ता' लागला की ती गोष्ट आपण होऊन ते करत असते, किंवा तिचा तो नेमच असतो: वाहता झरा, बोलती बाहुली. 'फिरता बंध' वाचून मला तरी तो आज या प्रथिनात, उद्या त्या प्रथिनात मुक्कामाला जातो असं वाटलं. इथे सांगायची आहे ती शक्यता, आणि शक्यतेसाठी मराठीत 'येणे' आहे: फिरवता येणारा बंध. चार अक्षरं जास्त लागतात, लागू देत.

'घूर्णनक्षम' व्याकरणाने निर्दोष आहे. पण 'घूर्णन' हिंदी पाठ्यपुस्तकांत जितका रुळलाय तितका आपल्याकडे नाही. आपण शाळेत पृथ्वीचं परिवलन आणि परिभ्रमण शिकलो. संस्कृत शब्दच हवा असेल तर 'परिवलन' निदान ओळखीचा आहे. शोधनिबंधात तो शोभेल. 'उजवं बटण दाबून परिवलन करा' असं मात्र माझ्याच्याने लिहवणार नाही.

शक्यतेचा मुद्दा मी इतका लावून धरतोय त्याला कारण आहे. ऑटोडॉकटूल्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये औषधाचा रेणू प्रथिनात बसवून बघण्याआधी त्याचे कोणते बंध मोकळे ठेवायचे ते ठरवावं लागतं. पडद्यावर बंध तीन रंगांत दिसतात. हिरवे मोकळे, म्हणजे शोध घेताना प्रोग्रॅम ते फिरवून बघणार. जांभळे फिरू शकले असते, पण आपण त्यांना तूर्त अडवून ठेवलंय. लाल फिरवताच येत नाहीत, उदाहरणार्थ कड्यातले बंध. हा शोध प्रत्यक्ष घेणाऱ्या ऑटोडॉक ४ मध्ये मोकळ्या बंधांची कमाल मर्यादा ३२ आहे, म्हणून लांबलचक रेणूत काहींना जांभळं करणं भागच पडतं. आता हे तिन्ही 'घूर्णनक्षम', 'अघूर्णित', 'अघूर्णनीय' असे लिहून बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक काय ते तिसऱ्यांदा वाचूनही कळायचं नाही. मराठी क्रियापद हे काम सहज करतं: फिरवायचा, फिरवायचा नाही, फिरवता न येणारा. पहिल्या दोहोंत आपली मर्जी आली, तिसऱ्यात रेणूची.

याच ओघात कोणी तरी 'टॉर्शन'साठी (बंधाभोवतीच्या फिरण्याला इंग्रजीत हाही शब्द आहे) 'पीळ' सुचवेल, म्हणून तेही बोलून घेतो. पीळ कधी बसतो? दोन टोकं धरून ताण दिला की: दोरीला, ओल्या धोतराला. साध्या एकेरी बंधाला असा ताण जवळजवळ बसत नाही. इथेनमध्ये तो पूर्ण फिरवायला आड येणारा ऊर्जेचा उंचवटा मोलमागे जेमतेम ३ किलोकॅलरीचा. पेप्टाइड बंधाची, म्हणजे प्रथिनात एक अमिनो आम्ल पुढच्याला जोडणाऱ्या कार्बन-नायट्रोजन बंधाची, गोष्ट वेगळी. त्याला अर्धवट दुहेरी बंधाचा गुण असतो. त्याची लांबी १.३३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), तर कार्बन-नायट्रोजनच्या निखळ एकेरी बंधाची १.४७ च्या आसपास. त्याला फिरवायला सुमारे २० किलोकॅलरी लागतात. त्याला फिरवणं म्हणजे खरोखर पिळणंच. पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी १९५१ साली अल्फा हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीची मळसूत्री रचना, मांडली तीही पेप्टाइड बंधाभोवतीचे अणू एका प्रतलात धरूनच. म्हणून माझं मत असं: प्रथिनाच्या कण्यातले, म्हणजे मुख्य साखळीतले, फाय आणि साय हे कोन (अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनच्या दोन बाजूंच्या एकेरी बंधांचे) 'फिरतात', ओमेगा (पेप्टाइड बंधाचा कोन) 'पिळावा' लागतो. १९६३ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आलेख फाय आणि साय या दोनच कोनांचा आहे, तो याचमुळे. ओमेगा बहुतेक वेळा १८० अंशांच्या आसपास बसलेला असतो.

कोनाला 'पीळकोन' म्हणण्यापेक्षा 'द्वितल कोन' बरा. ओळीने जोडलेले चार अणू घ्या. पहिल्या तिघांचं एक प्रतल, शेवटच्या तिघांचं दुसरं, आणि त्या दोन प्रतलांमधला हा कोन. नावातच व्याख्या आहे. पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो आकडा देऊन बसवायची आज्ञा आहे, तिचं मराठी 'द्वितल कोन ठरवा' असं सरळ होतं. सूचनेत एक इशाराही घाला: कण्यातला बंध फिरवला की त्याच्या पुढची सगळी साखळी झुलते. आसेपासून ३० अँगस्ट्रॉमवर असलेला अणू १० अंशांत पाच अँगस्ट्रॉमहून जास्त सरकतो. कण्याला फुटलेल्या बाजूच्या साखळीचे बंध फिरवताना हे संकट नसतं, हलतं ते त्या अमिनो आम्लाचं शेपूट तेवढं.

त्या बाजूच्या कोनांना ग्रीक अक्षरावरून 'काय' म्हणतात: काय-१, काय-२, लायसिनला काय-४ पर्यंत. मराठीत याची भलती पंचाईत होते. 'काय बदला' असा मेनू वाचून माणूस विचारतो, काय बदलू? तेव्हा इथे 'काय-कोन' असा जोडशब्दच लिहावा, आणि आकडा सुटा न ठेवता रेघेने जोडावा. 'रोटामर' (ठरावीक काय-कोनांनी होणारी बाजूच्या साखळीची ठेवण) मात्र आहे तसाच राहू दे.