हिपॅटायटिस बी निघालं म्हणून जर्मनी रद्द करू नका

रक्तदान शिबिरानंतर एचबीएसएजी (यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी विषाणूची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह असल्याचं कळलं, श्टुटगार्टची ऑफर हातात आहे आणि एजंट म्हणतो आता व्हिसा विसरा, असं तुम्ही लिहिलंय. एजंट आखाताचा नियम तुम्हाला लावतोय. तिकडच्या मेडिकलमध्ये हे निघालं की अनफिट. जर्मनीच्या वर्क व्हिसासाठी रक्त तपासतच नाहीत. मी स्वतः पॉझिटिव्ह आहे आणि इथेच नोकरी करतोय.

खरी गोम विम्यात आहे. पगार चांगला असला की प्रायव्हेट विमा घ्या म्हणून गळ घालणारे भेटतील. ते आधी आजारांची यादी मागतात, मग हप्ता वाढवतात, नाहीतर सरळ नकार. लपवून घेतलात तर पुढे करारच रद्द होऊ शकतो. तुम्ही सार्वजनिक क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, धरा: टीके, आओके, बार्मर, कुठलीही. जुना आजार आहे म्हणून ती नाकारू शकत नाही, आणि बायको कमावत नसेल तर तीही तुमच्याच हप्त्यात बसते. टेनोफोविर (या विषाणूवरची गोळी) लागलंच तर पाकिटामागे ५ ते १० युरो पडतात.

निघण्याआधी एचबीव्ही डीएनए आणि एचबीईएजी (विषाणू किती आणि किती सक्रिय ते), एएलटी (यकृताला सूज आहे का ते) आणि सोनोग्राफी करून घ्या; जमलं तर फायब्रोस्कॅनही (यकृत किती कडक झालंय ते). सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्ह राहिलं तरच आजार जुनाट धरतात, आणि जुनाट असला तरी प्रत्येकाला गोळ्या लागत नाहीत. इथे तज्ज्ञाची वेळ मिळायला कधीकधी महिने जातात, म्हणून इंग्रजी रिपोर्ट हँडबॅगेतच ठेवा. गोळ्या चालू असतील तर तीन महिन्यांचा साठा चिठ्ठीसकट आणा. मनाने बंद करू नका, आजार उसळतो. गावाकडून काविळीचं औषध येईलच. ते घेऊ नका.

बायको, आई आणि भावंडांची तपासणी आत्ताच करा. ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस. बायकोची लस पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरा. आपल्याकडे बऱ्याच जणांना हा जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणीच लागलेला असतो, तेव्हा ‘कुठे शेण खाल्लंस’ असं कुणी विचारलं तर मान खाली घालायचं कारण नाही. एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रेझर, नेलकटर, टूथब्रश मात्र वेगळे.

इंजिनिअरच्या नोकरीत कंपनीला सांगायची गरज नाही. आजारपणाच्या दाखल्यातून कंपनीला जे कळतं त्यात निदान नसतं. दारू सोडाच. सप्टेंबरअखेर इथल्या वाझन जत्रेत ऑफिसवाले लिटरचा मग पुढे करतील, तेव्हा ‘आल्कोहोलफ्राय’ मागा. बिनदारूची बिअर इथे सर्रास पितात.