आजीचा अबोला आणि एल्कचा कळप

कोलोरॅडोहून एका बाबांचं लांबलचक पत्र आलंय. त्यात प्रश्न चार आहेत. तीन मी शेवटी पटकन उरकणार आहे, कारण त्यांना उत्तरं आहेत. चौथ्यानं मात्र माझी झोप उडवली.

ते लिहितात: "ताई, लेक अकरावीत आहे. शाळेच्या डिबेटला विषय आलाय, संरक्षित जमिनीवरचा एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांचा, कळप कमी करायला नियंत्रित शिकार करावी का. तिच्या वाट्याला 'करावी' ही बाजू आलीय. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. माझी आई अमरावतीहून सहा महिन्यांसाठी आलीय. तिनं हे ऐकल्यापासून नातीशी अबोला धरलाय. शिक्षकांना बाजू बदलून द्या म्हणून ईमेल लिहून ठेवलीय. पाठवू ना?"

नका पाठवू. आधी ती ईमेल पुसून टाका आणि मग पुढचं वाचा.

मी पाठवली होती. मुलगा दहावीत होता. आमच्या न्यू जर्सीत तेव्हा पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरून असाच वाद पेटला होता. काउंटीच्या जंगलात नेमबाज आणून हरणं कमी करावीत का, यावर त्याला वर्गात बोलायचं होतं. सासरचं घर माळकरी. सासूबाईंना काय वाटेल या धास्तीनं मी परस्पर शाळेला लिहिलं आणि विषय बदलून घेतला. त्यानंतर दोन वर्षं पोरानं शाळेतली एक गोष्ट घरी सांगितली नाही. दिवस कसा गेला, तर "ठीक". आज तो एकतीस वर्षांचा आहे. तुमचं पत्र आल्यावर त्याला फोन करून विचारलं, आठवतंय का रे? म्हणाला, "आई, तू मला विचारलंच नव्हतंस."

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार लागलं. "हा इथल्या लोकांचा प्रश्न आहे, आपल्याला त्यात काय करायचंय?" आणि त्याच पत्रात वर लिहिलंय की सतरा वर्षं तुम्ही दर सप्टेंबरात एल्क नरांच्या आरोळ्या ऐकायला एस्टेस पार्कला जाता. अहो, सतरा वर्षं! घर तिथलं, कर तिथे भरता, लेक तिथे जन्मली. मग इथले लोक म्हणजे कोण? माझे जुने वाचक म्हणतील, ताईंनी पुन्हा तोच राग आळवला. आळवते, कारण आपण अजून ऐकत नाही. जंगल बघायला आपण जातो, डबे घेऊन जातो, फोटो काढतो. त्या जंगलाचं काही अवघड ठरवायची वेळ आली की आपण पाहुणे होतो. तिथल्याच रॉकी माउंटन नॅशनल पार्कनं एल्कबद्दलचा आराखडा पक्का करण्याआधी लोकांची मतं मागवली होती. आमच्या हरणांच्या वेळी काउंटीनंही जाहीर सभा घेतली होती. माझ्या ओळखीतल्या एकाही मराठी घरातून कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. तुमची लेक शाळेच्या निमित्तानं का होईना, त्या सभेत बसू पाहतेय. तिला उठवू नका.

आणि विषय किती खोल आहे, हे तुम्ही तिच्या शेजारी बसून वाचलंत तर कळेल. आज तुम्ही बघता तो कळप मूळचा तिथला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाजारात मांस विकणाऱ्या शिकाऱ्यांनी त्या भागातले एल्क जवळजवळ संपवले. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून नवे आणून सोडले. १९१५ मध्ये पार्क झालं, आत शिकार बंद. लांडगे माणसानंच मारून संपवले होते. मग एल्कना धाक कुणाचा राहिला? संख्या वाढत गेली. १९४४ पासून १९६८ पर्यंत पार्कचे रेंजर स्वतः एल्क मारून कळप आटोक्यात ठेवत होते. मग तेही थांबलं. एल्कनी वाळुंज आणि अ‍ॅस्पेनचे कोवळे कोंब इतके खाल्ले की नवी झाडं वर येईनात. वाळुंज गेलं तसे बीव्हर, ओढ्यावर बांध घालणारे प्राणी, गेले, कारण त्यांचं खाणं तेच आणि बांध घालायचं लाकूडही तेच. बांध गेले, पाणी जमिनीत मुरेना, ओलं कुरण सुकलं, आणि सुकल्या जमिनीत वाळुंज पुन्हा रुजेना.

२००७ च्या अखेरीस पार्कनं वीस वर्षांचा आराखडा पुढे आणला. खालच्या भागातला हिवाळी कळप ६०० ते ८०० च्या आसपास ठेवायचा, झाडांना कुंपणं घालायची, आणि गरज पडेल तिथे काही एल्क मारायचे. त्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक निवडले. कायद्यानं त्या पार्कात शिकार करता येत नाही, म्हणून याला शिकार म्हणायचं की कळपाची छाटणी, इथूनच वाद सुरू होतो. लेकीला हा फरक नीट मांडायला सांगा. शिकारी स्वतःसाठी मारतो. इथे मारणाऱ्याला शिंगं घरी न्यायची नव्हती. नॉर्थ डकोटातल्या थिओडोर रूझवेल्ट पार्कात २०१० मध्ये असंच झालं. स्वयंसेवकांची आधी नेमबाजीची परीक्षा घेतली, प्रत्येक गटाबरोबर पार्कचा माणूस दिला, आणि बरंच मांस गरजूंना वाटलं. ग्रँड टीटनमध्ये मात्र १९५० च्या कायद्यानेच परवानाधारक शिकाऱ्यांना तात्पुरते रेंजर नेमून एल्क मारू दिले जातात. एकाच देशात तीन पार्क, दोन तऱ्हा.

समोरची बाजूही दुबळी नाही, तिला तीही वाचू द्या. लांडगे परत आणा, बंदुका कशाला, असं म्हणत वन्यजीवप्रेमी कोर्टात गेले होते. २०१३ मध्ये अपील कोर्टानं पार्कच्या बाजूनं निकाल दिला. पण २०२० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी अगदी थोड्या फरकानं लांडगे आणायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये पहिले दहा लांडगे सोडलेसुद्धा. त्या मतदानात तुम्हाला मत होतं का, आणि असेल तर दिलंत का, हे मला कळवा. एल्क माद्यांना गर्भनिरोधक टोचण्याचा प्रयोगही रॉकी माउंटन पार्कात झालाय.

आता आजींकडे येते. तुमच्या आईंवर रागावू नका, पण त्यांना या विषयातलं काही कळत नाही असंही समजू नका. अमरावतीची बाई रोही, म्हणजे नीलगाय, ओळखत नाही? माझ्या मामाचं शेत आर्वीजवळ होतं. तूर, हरभरा. थंडीत रात्री मचाणावर जागल करायला लागायची. डबे बडवायचे, टेंभे लावायचे, तरी पहाटे येऊन रोही हरभरा साफ करून जायचे. उरलेलं रानडुकरं उकरायची. मामा माळकरी, त्यानं आयुष्यात कोंबडीची मान मुरगळली नाही. शेजारच्यांनी सांगितलं, कुंपणात करंट सोड. मामा म्हणाला, त्यात उद्या माणूस जाईल. (असे गेलेतही.) एका हिवाळ्यात तीन एकर गेल्यावर तो वनखात्यात अर्ज घेऊन गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ आहे, उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांना परवानगीनं मारायची वाट त्यात ठेवलीय. अर्ज देऊन मामा घरी आला आणि रात्री जेवला नाही. मी तेव्हा बारा वर्षांची. त्याच्या हातात भाकरी तशीच होती. जीव वाचावा असं वाटणारा माणूसच तो अर्ज लिहायला बसतो, हे मी तिथे पाहिलं. आणि हे काही मागे पडलेलं नाही. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमधल्या नीलगाई मारल्या म्हणून मनेका गांधी आणि आपले प्रकाश जावडेकर, एकाच सरकारातले दोन मंत्री, जाहीरपणे भांडले होते.

तेव्हा लेकीला सांगा, आजीला एल्कबद्दल काही समजावू नकोस. जागलीबद्दल विचार. कोण जायचं, किती रात्री, काय वाजवायचे, आणि पीक गेल्यावर घरात काय व्हायचं. अबोला तिथे सुटेल असं मला वाटतं. नाही सुटला, आणि आजी म्हणाल्या की तरीही मारणं पापच, तर ते वाक्य लेकीनं आपल्या वहीत जसंच्या तसं लिहावं. डिबेटमध्ये तिला यापेक्षा खरा विरोधी मुद्दा कुणी देणार नाही.

मग एका शनिवारी तिघं त्याच नॅशनल पार्कातल्या मोरेन पार्क नावाच्या कुरणात जा. दशम्या, लसणाची चटणी घ्या. वाळुंजाभोवती कुंपण दिसेल, आत आणि बाहेर दोन्हीकडे बघा, आईंना दाखवा. आठ हजार फुटांची उंची आहे, दम लागेल, सावकाश चालू द्या. एल्कपासून ७५ फूट लांब राहायचा नियम आहे. माजावर आलेला नर आजी-नात बघत नाही, तेव्हा फोटोसाठी पुढे जायचं नाही, बाबांनीसुद्धा.

उरलेले तीन प्रश्न. मंडळाच्या मखरावरून भांडण: या वर्षी त्यांना करू द्या. शनिवारची मराठी शाळा लेकीला नको झालीय: अकरावीत असताना सक्ती करू नका, आजींच्या जागलीच्या गोष्टी ती मराठीतच ऐकणार आहे. आणि आईंचा प्रवासी आरोग्य विमा "या वेळी राहून गेला" असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. सत्तरी ओलांडलेली बाई, सहा महिने, विम्याशिवाय! तो आज काढा. डोंगरावर त्यानंतर जा.