डिअरबॉर्न रस्त्यावर हात लावून बघा

प्रश्न : ऑगस्टअखेर लेकीकडे शिकागोला जाते आहे, मुक्काम ऑक्टोबर संपेपर्यंत. लेक-जावई दिवसभर कामावर. तिथे रस्त्यारस्त्यावर शिल्पं, नावाजलेल्या इमारती आहेत, कलेचे कार्यक्रमही असतात म्हणे. पण मला कलेतलं काही कळत नाही, आणि गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. एकटीने काय बघू? – एक वाचक

उत्तर : तुमच्या गुडघ्यांना झेपेल असा एकच रस्ता सांगतो : डिअरबॉर्न स्ट्रीट. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या नाक्यापासून जॅक्सनच्या नाक्यापर्यंत किलोमीटरभरही अंतर नाही. मी वास्तुरचनाकार. पहिल्या खेपेला दोन दिवसांत वीस-बावीस ठिकाणं उरकली आणि घरी आल्यावर फोटोतली कुठली इमारत कुठली, तेच आठवेना. दुसऱ्या खेपेला अख्खी सकाळ या रस्त्याला दिली. ती अजून डोळ्यांसमोर आहे.

सुरुवात डेली सेंटर या न्यायालयांच्या उंच इमारतीसमोरच्या चौकातून करा. तिथे पिकासोचं ५० फुटी शिल्प आहे. १५ ऑगस्ट १९६७ रोजी त्याचं अनावरण झालं. त्याला नाव नाही. ती बाई आहे, कुत्रा आहे की पक्षी, यावर लोक आजही वाद घालतात, तेव्हा ‘कळत नाही’ म्हणून बिचकू नका. पिकासो स्वतः शिकागोला कधीच आला नाही. देऊ केलेले एक लाख डॉलरही त्याने घेतले नाहीत; शिल्प शहराला भेट दिलं. जवळ जा, तळहात टेकवा. हे गंजूनच टिकणारं पोलाद आहे : वर गंजाचा दाट तपकिरी थर धरतो आणि तोच आतला धातू राखतो. मग मान वर करून मागची इमारत बघा. तीही त्याच पोलादाची, त्याच रंगाची! ते लक्षात आलं तेव्हा मी जागीच थांबलो. शिल्पाच्या उतरत्या बैठकीवरून मुलं घसरगुंडी खेळत होती, त्यांना कुणी हटकत नव्हतं.

वाटेत मोनरोच्या नाक्यावर चित्रकार शागालचं मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र लागेल, १९७४ सालचं. ऋतूंची चित्रं आहेत, ७० फूट लांब. चारी बाजूंनी एक फेरी मारा, पुरे.

पुढे फेडरल प्लाझा या चौकात शिल्पकार काल्डरचा ‘फ्लेमिंगो’, तोही १९७४ चा. आसपास वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोह याच्या काळ्या, सरळसोट इमारती आणि मधोमध ही लालभडक कमान. लांबून फोटो काढून निघू नका, तिच्या पायांमधून चालत जा. ५३ फुटांचं पोलाद डोक्यावर असतं आणि तरी ओझं वाटत नाही.

जॅक्सन ओलांडलं की मोनॅडनॉक. माझी सगळ्यात लाडकी इमारत. उत्तरेचा अर्धा भाग १८९१ चा, १६ मजले, भार सगळा विटांच्या भिंतींवर. म्हणून तळाशी भिंत जवळजवळ सहा फूट जाड आहे; खिडकीच्या खोबणीत हात घाला म्हणजे जाडीचा अंदाज येईल. दक्षिणेचा अर्धा भाग दोनच वर्षांनंतरचा, पण त्याला पोलादी सांगाडा. दोन वर्षांत बांधकामाचं जग कसं पालटलं, ते एकाच इमारतीत दिसतं. नक्षी नको म्हणणारा तो उत्तरेचा भाग खाली किंचित पसरतो, झाडाच्या बुंध्यासारखा. मला तरी नक्षीपेक्षा तो बाक जास्त देखणा वाटतो.

कार्यक्रमांचं म्हणाल तर तुमच्या मुक्कामात दोन बसतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून मिलेनियम पार्कात जॅझ महोत्सव असतो, विनामूल्य. ऑक्टोबरात ‘ओपन हाऊस शिकागो’ : एरवी बंद असलेल्या इमारती त्या शनिवार-रविवारी लोकांना फुकट बघता येतात. लेकीला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तीही सुट्टीच्या दिवशी सोबत येईल.

आणि पावसाचा दिवस निघालाच तर कल्चरल सेंटर. १८९७ चं जुनं ग्रंथालय, प्रवेश मोफत. तिथल्या टिफनी घुमटाच्या, म्हणजे टिफनी कंपनीच्या रंगीत काचकामाच्या घुमटाच्या काचा ढगाळ दिवशीही उजळ दिसतात.